रॉकेल आणि खडू

लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेला डोंगर ओलांडला की मोहावी वाळवंट सुरू होतं. त्याच्या पश्चिम टोकाला अँटेलोप व्हॅली नावाचा उघडाबोडका, सोसाट्याच्या वाऱ्याचा मुलूख आहे. पाऊस नावापुरता. त्यामुळे तिथे उघड्यावर टाकलेलं लोखंड गंजतं, पण सडत नाही. साठ-सत्तर वर्षं माळावर पडून राहिलेल्या मोटारीचा पत्राही वरून तांबडा आणि आतून शाबूत निघतो. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना हा भाग प्रिय आहे तो यासाठीच. तिथल्या एका घराच्या परसातल्या शेडमध्ये ही गोष्ट घडते. पात्रं तीनच: आजोबा, त्यांची सतरा वर्षांची नात आणि १९३० सालची फोर्ड मॉडेल ए.

फोर्डने १९२७ च्या अखेरीस मॉडेल ए बाजारात आणली आणि चारेक वर्षांत अशा ४८ लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. चार सिलिंडरांचं, ४० अश्वशक्तीचं साधं इंजिन, हलकी चौकट, कुणालाही उघडून पुन्हा जोडता येईल अशी रचना. दहा वर्षांनी या गाड्या जुन्या बाजारात मातीमोलाने मिळू लागल्या आणि कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या उचलल्या. मडगार्ड काढून टाकायचे, बॉनेट काढायचं, वजन कमी करायचं, पुढे लहान आणि मागे मोठी चाकं घालायची, आणि जमलं तर मूळ इंजिन उतरवून जोरकस इंजिन बसवायचं, की झाली हॉट रॉड तयार. ही पोरं आपल्या गाड्या घेऊन म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर जायची. पाणी आटून फरशीसारखी सपाट झालेली ही तळी म्हणजे वेगाचं फुकटचं मैदान. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. महायुद्धात लष्कराने म्युरॉक आपल्याकडे घेतलं. १९४७ साली वैमानिक चक येगरने ध्वनीच्या वेगापुढे विमान नेलं ते याच तळ्याच्या आकाशात. पण एल मिराज शौकिनांकडे राहिलं, आणि मे ते नोव्हेंबर या काळात तिथे आजही शर्यती भरतात.

आजोबांचे वडील युद्धावरून परत आल्यावर आपली गाडी घेऊन तिथे जात. आजोबा मात्र शर्यतीच्या वाटेला गेले नाहीत. त्यांनी उभा जन्म विमानाच्या कारखान्यात लेथ आणि मिलिंग मशीनवर काढला. विमानाच्या कामात एक रीत आहे. पंखाच्या आतलं काम पुरं झालं की वरून पत्रा ठोकून ती पोकळी बंद करायची असते. पण बंद करण्याआधी तपासनीस येतो, टॉर्च लावून आत बघतो, आणि त्याचा शिक्का पडल्यावरच पत्रा चढतो. कारण पत्रा एकदा चढला की आतला रिव्हेट बरोबर बसला होता की नाही, हे पुढे वीस-तीस वर्षं कुणाला दिसणार नसतं. आजोबा ही रीत घरी कुणाला शिकवत बसले नव्हते. त्यांच्या हाताची ती सवयच झाली होती. काही झाकायची वेळ आली की ते आपसूक टॉर्च शोधू लागत.

शेजारच्या जुन्या फार्मवर पडलेली मॉडेल ए नातीने मिळवली, तेव्हा ती गाडी म्हणावी अशी नव्हतीच. चौकट, कूपेचा सांगाडा, दोन दारं, पुढचा आस आणि ताडपत्रीखाली गुंडाळलेलं मूळ चार सिलिंडरांचं इंजिन. पिस्टन जाम. आसनाच्या स्प्रिंगांमध्ये उंदरांची घरटी. तिने ठरवलं होतं की गाडी १९४० च्या दशकातल्या ढंगाची करायची आणि नोव्हेंबरच्या शर्यतीला एल मिराजवर न्यायची. शर्यतीत उतरायचं नव्हतं; बघ्यांच्या रांगेत इतर जुन्या गाड्यांशेजारी आपली गाडी उभी करायची, एवढंच.

पत्र्याचा तांबूसपणा तसाच ठेवायचा हे दोघांचंही मत. या बाबतीत मीही त्यांच्या बाजूचा आहे. अलीकडे नव्या पत्र्यावर मीठ आणि तपकिरी रंग फासून खोटा गंज चढवायची हौस वाढली आहे. ऐंशी-नव्वद वर्षांच्या उन्हाने पत्र्यावर जे केलेलं असतं ते दोन दिवसांत फवारून आणणं मला मनापासून खटकतं. या गाडीला त्याची गरजच नव्हती. दारावर कुण्या काळच्या शेतमालाच्या दुकानाची पुसट अक्षरं होती. त्यांच्यावरून तिने फक्त तेलाचा बोळा फिरवला.

यंत्राचे भाग मात्र स्वच्छ व्हायलाच हवे होते. मोठे जड भाग तिने मळीत बुडवले. साखर कारखान्यातून निघते तीच मळी. तिकडे ती गुरांच्या चाऱ्यासाठी मिळते. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, आणि दोन-तीन आठवडे धीर. मळीतले पदार्थ गंज धरून सोडवतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वास मात्र असा सुटतो की शेजारी विचारायला येतात. लहान भागांसाठी प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा आणि बॅटरी चार्जर. चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार एखाद्या भंगार सळईला. बुडबुडे सुटतात, आणि काही तासांत गंजाचा काळा गाळ होऊन तो ब्रशने निघतो. आजोबांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. हे उघड्यावर करायचं, कारण बुडबुड्यांत हायड्रोजन असतो. आणि सळईच्या जागी स्टेनलेस स्टील कधी वापरायचं नाही, कारण त्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरतं.

मग आली चौकट. मॉडेल एची चौकट हलकी, तिचे लांब दांडे एका बाजूने उघडे. त्यात जोरकस इंजिन बसवायचं तर उघडी बाजू पोलादी पट्टीने बंद करून दांड्याची पेटी करावी लागते, नाहीतर चौकट पिळवटते. शिवाय ब्रेकचा प्रश्न. मॉडेल एचे ब्रेक सळ्यांचे. पायाने दाबलं की सळ्या ओढल्या जायच्या. हेन्री फोर्डचा तेलाच्या ब्रेकवर कितीतरी वर्षं विश्वास बसला नाही. फोर्ड गाड्यांना ते १९३९ मध्ये मिळाले. म्हणून हॉट रॉड बांधणारे १९३९ आणि त्यानंतरच्या फोर्डचे ब्रेक शोधून आणतात आणि त्यांचं मास्टर सिलिंडर नि पॅडल चौकटीला नव्या ब्रॅकेटने जोडतात. गाडीत चुकून चालणार नाही अशी जी थोडी ठिकाणं असतात, त्यातलं हे एक. घाबरून ब्रेकवर पाय मारला की माणसाचा सगळा जोर त्या ब्रॅकेटवर येतो.

आजोबांनी तिला वेल्डिंग शिकवलं होतं आणि तिचा हातही चांगला बसला होता. डाव्या दांड्याची पट्टी आणि ब्रॅकेट तिने एकटीने केलं, आजोबा दवाखान्यात गेले होते त्या संध्याकाळी. शेडमध्ये उकडत होतं, म्हणून दार उघडं ठेवलं. वारा सुटला. तारेच्या वेल्डिंगमध्ये वितळलेल्या धातूवर वायूचं आवरण असतं. ते वाऱ्याने उडालं की हवा आत शिरते आणि सांध्यात बारीक छिद्रं पडतात. तिच्या सांध्यात ती पडली. तोंडावरची काच वर करताच तिला दिसलं. हाताच्या लांबीएवढ्या सांध्यात टाचणीच्या टोकाएवढी कितीतरी छिद्रं, दोन ठिकाणी धातू नुसता पट्टीवर बसलेला, आत मुरलेला नाही.

हे ग्राइंडरने काढून पुन्हा करायला दोन तास लागले असते. तिने ग्राइंडर घेतला तो खरा, पण वरवर फिरवला. सांधा गुळगुळीत झाला. छिद्रांत तिने लांबी भरली, पॉलिश पेपर मारला आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले. सकाळी ती पट्टी कारखान्यातून आल्यासारखी दिसत होती.

आजोबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा उलट दिशेने.

"काल संध्याकाळी वारा होता ना गं?"

"हो, पण मी दार लावलं होतं, आजोबा."

"बरं," म्हणाले आणि कॉफी आणायला घरात गेले.

आता इंजिनाची गोष्ट. हॉट रॉडवाल्यांचं लाडकं इंजिन म्हणजे फोर्डचं फ्लॅटहेड व्ही-८. हेन्री फोर्डने ते १९३२ च्या मार्चमध्ये आणलं, तेव्हा त्याचं वय ६८ होतं आणि देश महामंदीत बुडाला होता. आठ सिलिंडरांचं इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असायचं. फोर्डने आठही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, ओतून दाखवले आणि ५०० डॉलरच्या आतल्या गाडीत ६५ अश्वशक्ती दिली. हे इंजिन पुढे अमेरिकेत १९५३ पर्यंत बनत राहिलं, आणि त्याला जोडायच्या कार्बुरेटर-कॅमच्या सामानावर एक अख्खा धंदा उभा राहिला. पण त्याला एक जन्मजात दुखणं आहे. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असल्याने जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून, थंड पाण्याच्या वाटांना खेटून बाहेर पडतो. ब्लॉक तापतो. वर्षानुवर्षं तापून-निवून ओतीव लोखंडाला तडा जातो, तो बहुधा व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत. म्हणून जुना फ्लॅटहेड घेताना जाणकार पहिल्यांदा तडा शोधतो, बाकी सगळं मागाहून.

नातीने असा एक ब्लॉक जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून एकटीने आणला. दोन उन्हाळे दुकानात काम करून साठवलेले पैसे तिने त्यात घातले. ब्लॉक धुऊन-पुसून नव्या रंगात चमकत होता. विकणारा बोलायला गोड होता आणि किंमत कमी होती. आपल्याकडे बायका मडकं घेताना बोटाने वाजवून घेतात. तिने वाजवलं नाही. रंग बघितला आणि पैसे मोजले.

ब्लॉक घरी आल्यावर आजोबा म्हणाले, "सिलिंडर बोअर करायला पाठवण्याआधी आपण बघून घेऊ." त्यांनी रॉकेलची बाटली आणि शाळेत वापरतात तसे पांढरे खडू काढले. ही युक्ती जुनी आहे. रेल्वेच्या कारखान्यांत आस आणि चाकं तपासायला पूर्वी ती सर्रास वापरत. रंग आणि तेलकटपणा पूर्ण काढायचा. रॉकेल ओतून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे तडा असेल तर ते त्यात शिरतं. मग फडक्याने पृष्ठभाग अगदी कोरडा करायचा आणि खडूची पूड बारीक चाळून पसरायची. आता फक्त बघायचं. तड्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर ओली काळी रेघ उमटते.

दोघं ब्लॉकवर वाकून बसले. आजोबांनी दिवा तिरका धरला. पहिल्या दोन सिलिंडरांपाशी काही नाही. तिसऱ्यापाशी, व्हॉल्व्हच्या बैठकीच्या कडेला, पांढऱ्यावर केसाएवढी रेघ उगवली. ती सरळ गेली नाही. थोडी वळली, पुढे सरकली आणि सिलिंडरच्या भिंतीत उतरली. रंगाखाली कुणीतरी तिथे धातूसारखं दिसणारं कसलंतरी लुकण भरलं होतं, ते ब्रशने घासताना आधीच सुटून आलं होतं. म्हणजे विकणाऱ्याला ठाऊक होतं.

नात उठली आणि शेडमध्ये येरझारा घालू लागली. "माणूस असं करूच कसं शकतो? त्याने बघितलं होतं. त्यानेच भरलंय ते. वर रंग फासला आणि माझ्याकडे बघून हसत पैसे घेतले. एखाद्याने हे इंजिन गाडीत घालून वाळवंटात नेलं असतं आणि तिथे फुटलं असतं तर?"

आजोबांनी खडूचे तुकडे डबीत भरले. काही बोलले नाहीत.

रात्री जेवताना ती म्हणाली, "मी तो विकणार. मला जसा मिळाला तसाच. पुन्हा रंग देते. मीच का नुकसान सोसायचं?"

"ब्लॉक तुझा आहे, पैसे तुझे होते," आजोबा म्हणाले. "तू ठरव."

इथे आजोबांनी चार शब्द सुनवायला हवे होते असं वाचकाला वाटेल. मला तसं वाटत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला फसवणूक वाईट हे ठाऊक असतं. तिला जे ठाऊक नसतं ते आजोबांनाही शब्दांत सांगता आलं नसतं.

ती शेडमध्ये गेली. फळीवरून रंगाचा डबा उतरवला, झाकण उचकटलं, ब्रश बुडवला. काळा रंग. ब्लॉकवर पहिला हात ओढताना तिचं लक्ष डब्याच्या कडेला वाळलेल्या ओघळाकडे गेलं. हाच डबा. चौकटीच्या पट्टीवर दोन हात दिले होते ते यातलेच.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग ब्रश रॉकेलमध्ये टाकला, लोखंडी ब्रश घेतला आणि गाडीखाली शिरली. काळा रंग निघाला. त्याखालची लांबी पापुद्र्यांनी निघून तिच्या तोंडावर पडली. छिद्रं जिथे होती तिथेच होती. तिने ब्रॅकेटला पाना अडकवून जोर लावला. पट्टीच्या टोकाला, धातू नुसता बसला होता तिथे, काहीतरी बारीकसं टिचल्याचा आवाज आला.

हा आवाज त्या पोरीने गाडी ठोकळ्यांवर उभी असताना ऐकला, उतारावर ब्रेक मारताना नव्हे. या गोष्टीत नशिबाचा भाग आहे तो एवढाच.

सकाळी आजोबा आले तेव्हा जमिनीवर लांबीचा पांढुरका भुगा पडला होता. चौकटीवरच्या सांध्याभोवती खडूने मोठं वर्तुळ काढलं होतं. बाजूला ब्लॉक, त्यावरच्या तड्याभोवती तसंच दुसरं वर्तुळ. नात स्टुलावर बसली होती.

"दार उघडं होतं, आजोबा. मी खोटं बोलले."

आजोबा गुडघे सांभाळत खाली वाकले. टॉर्च लावून सांधा नीट बघितला, बोटाने चाचपला.

"वायूचा दाब किती ठेवला होतास?"

तिने सांगितला.

"दाब ठीक होता. वाऱ्यानेच घात केला. आणि इथे, या टोकाला, हात घाईने पुढे गेलाय. पट्टी तापायच्या आत पुढे गेलीस. चल, तुकडे काप."

त्या दिवशी त्यांनी गाडीला हात लावला नाही. तिने त्याच जाडीच्या पट्टीचे लहान तुकडे कापले आणि जोड्या करून जोडले. काही दार उघडं ठेवून, काही लावून, काही सावकाश, काही घाईने. मग एकेक जोडी शेगड्यात पकडून हातोड्याने वाकवायची. चांगला सांधा वाकतो, पट्टी वाकते, पण सांधा उघडत नाही. वाईट सांधा मधोमध फाटतो आणि आतली छिद्रं उघडी पडतात. बाहेरून बघताना मात्र त्यातले दोन वाईट सांधे चांगल्यांहून देखणे दिसत होते. ते तिने मोडले आणि मोडलेले तुकडे खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडले. ते अजून तिथे आहेत.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने जुना सांधा मुळापर्यंत काढून, दार लावून, मध्ये थांबत-थांबत तिने ब्रॅकेट पुन्हा जोडलं. आजोबा दिवा धरून बसले होते. काम झाल्यावर तिने पॅडलवर दोन्ही पाय ठेवून सगळा जोर लावला. ब्रॅकेट हललं नाही. सांधा तिने ग्राइंडरने गुळगुळीत केला नाही. गंज धरू नये म्हणून त्याच्यावर फक्त पातळ पारदर्शक लेप दिला. गाडीखाली डोकं घातलं की वेल्डिंगची एकेक लाट मोजता येते.

ब्लॉक तिने विकायला काढला, तड्याभोवतीचं वर्तुळ आता पिवळ्या पक्क्या रंगाने काढून. येणारे वर्तुळ बघत आणि निघून जात. एकाने तर विचारलं, "हे मुद्दाम दाखवायची काय गरज होती?" महिन्याभराने शेतपंप दुरुस्त करणारा एक माणूस आला. त्याने विचारलं, "तडा खाली कुठवर गेलाय?" ती म्हणाली, "दिसला तो इथवर. खाली भिंतीच्या आत आहे की नाही, ते मला तपासता आलं नाही." त्याने ब्लॉक निम्म्या किमतीला घेतला. तड्यावर ओळीने भोकं पाडून, त्यात एकमेकांत अडकणाऱ्या पेचदार खिळ्या बसवून तो शिवता येतो, हे काम त्याला येत होतं. वाटाघाट करताना त्याने तिचे पैसे वाढवून दिले नाहीत, आणि तिनेही मागितले नाहीत. सरळ हिशेब केला तर या व्यवहारात तिचं निम्मं नुकसान झालं. आठ सिलिंडरांचं स्वप्न त्या वर्षापुरतं तरी गेलं.

राहिलं ताडपत्रीखालचं चार सिलिंडरांचं इंजिन. जाम झालेल्या पिस्टनांवर त्यांनी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल आणि ॲसिटोन यांचं मिश्रण ओतलं आणि वाट बघितली. रोज थोडं हलवून बघायचं, जबरदस्ती करायची नाही. शेवटी एका सकाळी क्रँक केसभर सरकला. मग आणखी. ब्लॉकवर रॉकेल ओतलं, खडू चाळला. रेघ उमटली नाही. चार सिलिंडरांच्या हॉट रॉडचीही जुनी परंपरा आहे. व्ही-८ आवाक्यात येण्याआधी कोरड्या तळ्यांवरची पोरं याच इंजिनांवर पळत होती, आणि आजोबांच्या वडिलांची पहिली गाडीही तसलीच होती. हे आजोबांनी तिला इंजिन सुरू झालं त्या दिवशी सांगितलं, त्याआधी नाही.

नोव्हेंबरमध्ये ती गाडी घेऊन एल मिराजला गेली. ताशी ४५ मैलांच्या पुढे गेली नाही. तळ्यावर पोचल्यावर तांबूस पत्र्याची गाडी रांगेत लागली आणि माणसं जमली. दारावरच्या जुन्या अक्षरांचे फोटो काढले गेले. तिच्याच वयाचा एक मुलगा इंजिनाकडे बघून म्हणाला, "एवढं सगळं केलंस आणि चारच सिलिंडर?" तो स्वतःची चौकट बांधत होता. तिने त्याला विचारलं, पट्टी कशी जोडलीस? तो म्हणाला, मस्त झाली, रंगसुद्धा देऊन झाला. तेव्हा तिने त्याला गाडीखाली नेलं, आपला सांधा दाखवला, आणि त्या जागी आधी काय होतं, वर काय भरलं होतं, ते सगळं सांगितलं. आजोबांशी खोटं बोलल्याचंही सांगितलं. आजोबा पलीकडे खुर्चीत बसून सँडविच खात होते.

शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येक गाडीची तिथे आधी तपासणी होते. त्याशिवाय ती सुरुवातीच्या रेषेपर्यंत जाऊ शकत नाही. बघ्यांच्या रांगेतल्या गाड्यांना तसं काही बंधन नसतं. त्यांचे ब्रेक, त्यांची चौकट आणि त्यांची वेल्डिंग कशी आहे, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं.

आपल्याकडेही घराघरांत कुणीतरी जुनी राजदूत, येझदी नाहीतर आजोबांची लॅम्ब्रेटा उघडून बसलेलं असतं. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर चौकटीला रंग लागण्याआधी एकदा त्याच्यापाशी जा. टॉर्च घेऊन जा. यंत्रातलं तुम्हाला काही कळत नसलं तरी चालेल. सांधा कुठे केलास ते दाखव म्हणा, आणि दिवा धरून बसा. त्याने दाखवलेला सांधा वाईट निघाला, तर त्याच्यावर ओरडू नका. पुढचा वाईट सांधाही त्याने तुम्हाला दाखवायला हवा आहे.